वही कोणाच्या हातीं?

हल्लीं सुशिक्षित घरांतून जेवणाच्या पंगतीस जे नवे शब्द ऐकूं येतात, त्यांत ‘डीफाय’ हा एक आहे. घरांतील एखादा नुकताच नोकरीस लागलेला मुलगा सांगतो कीं, बँकेंत पैसे ठेवणें हा आतां जुना प्रकार झाला. जगांत अशी एक व्यवस्था निघाली आहे कीं जींत बँक नाहीं, मॅनेजर नाहीं, अर्ज नाहीं, जामीन नाहीं, आणि व्याज मात्र चांगलें. आजोबा शांतपणें ऐकून घेतात व एवढेंच विचारतात कीं, ‘मग पैसे असतात कोणाच्या हातीं?’ मुलगा म्हणतो, ‘कोणाच्याच नाहीं.’ या उत्तरानें आजोबांचें समाधान होत नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर मुलाचेंही पुरतें झालेलें नसतें.

आजोबांचा प्रश्न अगदीं बरोबर आहे. फक्त त्यांत ‘पैसे’ या शब्दाच्या जागीं ‘वही’ हा शब्द घातला पाहिजे. पैसा आज बहुतांशीं नाण्यांत नसून नोंदींत आहे. कोणाचें कोणाकडे किती येणें, हें ज्या वहींत लिहिलेलें असतें ती वही कोण लिहितो, कोण तपासतो व ती कोणास खोडतां येते, यावरच सर्व कांहीं अवलंबून असतें. ‘विकेंद्रित अर्थव्यवहार’, म्हणजेच हें डीफाय, या प्रश्नाचें एक नवें उत्तर आहे. तें नीट समजण्याकरितां आम्ही वाचकांस प्रथम गोदावरीकांठच्या एका गांवीं नेऊं इच्छितों. कारण वहीचा प्रश्न त्या गांवानें जितक्या मोठ्यानें विचारला, तितका अलीकडे दुसऱ्या कोणीं विचारल्याचें आमच्या स्मरणांत नाहीं.

पुणतांबा हें गांव अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत राहाता तालुक्यांत आहे. दौंड-मनमाड लोहमार्गावरून शिर्डीस जाणारा फांटा येथूनच फुटतो. नदीस अहिल्याबाईंनीं बांधलेला घाट आहे, आणि चांगदेवांची समाधि येथेंच आहे. चांगदेवांनीं ज्ञानेश्वरांस पत्र लिहावयास घेतलें, पण मायना काय घालावा हें न सुचून कोरा कागदच धाडला, ही कथा आपल्या घरांतील लहान मुलांसही ठाऊक असते. कोरेपणाशीं या गांवाचा दुसरा संबंध २०१७ सालीं आला. त्या वर्षींच्या एप्रिलमध्यें येथील ग्रामसभेनें शेतकऱ्यांनीं संपावर जावें असा ठराव केला, आणि १ जूनपासून दूध व भाजीपाला शहरांकडे जाण्याचें थांबलें. गिरणीकामगारांचे संप महाराष्ट्रानें पुष्कळ पाहिले होते. शेतकऱ्यानें संप करावयाचा ही कल्पनाच लोकांस नवी वाटली. त्यांच्या मागण्यांत हमीभाव होता, दुधाचा दर होता. परंतु जी घोषणा सर्वांच्या तोंडीं बसली ती ‘सातबारा कोरा करा’ ही होय. जमिनीच्या सातबारा उताऱ्यावर ‘इतर अधिकार’ या सदरांत कर्जाचा बोजा चढविलेला असतो, तो पुसून टाका, एवढाच तिचा अर्थ.

त्याच महिन्याच्या २४ तारखेस सरकारनें ३४,०२२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. मर्यादा दर कुटुंबास दीड लाख रुपयांची होती. पुढें काय झालें तें अधिक बोधप्रद आहे. शेतकऱ्यांस संगणकावर अर्ज भरावयास लावले; बँकांकडून याद्या आल्या; एका वहींतील नांव दुसऱ्या वहींतील नांवाशीं जुळेना, आधार क्रमांक खात्याशीं जुळेना, आणि या जुळवाजुळवींत महिने गेले. पुसावयाचें ठरलें तरी कोणत्या वहींतून पुसावयाचें, हेंच प्रथम ठरेना! २०२२ च्या उन्हाळ्यांत याच गांवाच्या ग्रामसभेस पुन्हां जमावें लागलें व पुन्हां धरणें धरावें लागलें.

याच मुलुखांत त्यापूर्वीं १४२ वर्षें वहीचा निकाल दुसऱ्या प्रकारें लावण्याचा प्रयत्न झाला होता. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजारच्या दिवशीं शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे व हुकूमनामे बाहेर काढले आणि जाळले. तें लोण थोड्याच दिवसांत नगर जिल्ह्यांत पोंचलें. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत कापसाचे भाव चढले तेव्हां सावकारांनीं सैल हातानें कर्जें दिलीं होतीं. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव उतरले, पण वहींतला आंकडा वाढतच राहिला. वही सावकाराची, लिहिणारा त्याचा गुमास्ता, आणि खालीं अंगठा उठविणाऱ्यास अक्षरओळख नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घराण्यांत कुलकर्णपण चालत आलेलें होतें आणि कांहींच्या घरीं सावकारीही होती; तेव्हां लेखणी कोणाच्या हातीं होती हें दुसऱ्याकडे बोट दाखवून सांगण्याजोगें नाहीं. असो. १८७९ च्या कायद्यानें कोर्टास रोख्यापाठीमागचा सगळा हिशेब उकलून पाहण्याचा अधिकार दिला, व रोखे सरकारनें नेमलेल्या ग्रामनिबंधकासमोर लिहिले जावेत असें ठरविलें. वही सावकाराचीच राहिली, परंतु तिच्यावर तिसऱ्याची नजर आली.

त्यापुढची पायरी म्हणजे वहीच गांवच्या हातीं देणें. बडोद्यास विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनीं १८८९ सालीं ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ काढली, ती मध्यमवर्गीय गृहस्थांनीं एकमेकांच्या नडीस उभें राहण्याकरितां. १९०४ सालीं सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. पुणतांब्याच्याच शेजारीं, लोणी येथें, विठ्ठलराव विखे पाटलांनीं १९२३ सालीं पतपेढी काढली, आणि त्याच पायावर पुढें धनंजयराव गाडगिळांच्या साह्यानें प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ‘पतपेढी’ या शब्दांतील ‘पत’ हें अक्षर वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. आम्हांस त्याचें पुढें काम आहे.

सहकारानें सर्व कांहीं साधलें असें मात्र म्हणतां येत नाहीं. पुण्याच्या घरांतून रुपी बँकेचें नांव काढलें तर अजून सुस्कारा ऐकूं येतो. १९१२ सालीं स्थापन झालेली ही बँक. २०१३ सालीं तिच्यावर निर्बंध आले व २०२२ सालीं तिचा परवानाच रद्द झाला. ठेवींस विम्याचें संरक्षण आहे, त्याची मर्यादा २०२० पासून पांच लाख रुपये आहे. पण पेन्शनीचे पैसे नऊ वर्षें अडकून पडल्यावर त्या माणसास विम्याचें कौतुक किती वाटणार? वही लिहिणारे जवळचे असोत कीं दूरचे, त्यांची नीति आणि सावधगिरी यांवरच आपली ठेव टिकून असते. घरांतील मुलास डीफायची भुरळ पडते ती केवळ व्याजामुळें नव्हे. मधल्या माणसावर विश्वास ठेवण्याचाच त्यास कंटाळा आलेला असतो, आणि त्याचा हा कंटाळा अगदींच निराधार आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं.

आतां हें नवें यंत्र चालतें कसें तें पाहूं. आमच्या भगिनींस तें पुरुषांपेक्षां लवकर समजेल, कारण भिशी बहुधा त्याच चालवितात. बाराजणींची भिशी आहे असें समजा. नेहमींच्या रीतींत एकजण वही ठेवते व पैसेही तिच्याचकडे जमतात. त्याऐवजीं असें ठरलें कीं, बाराहीजणींनीं आपापली वही ठेवावी. कोणीं कोणास कांहीं दिलें कीं तें सर्वांस ऐकूं जाईल असें सांगावें व प्रत्येकीनें तें टिपून घ्यावें. पान भरलें कीं त्यावरील सर्व मजकुरावरून ठराविक गणितानें एक खुणेचा आंकडा काढावा आणि तो पुढील पानाच्या माथ्यावर लिहावा. मग मागील कोणत्याही पानावरचा एक अंक जरी कोणीं बदलला तरी त्या पानाची खूण बदलते, म्हणून पुढच्या पानाची बदलते, आणि शेजारणीच्या वहीशीं ताडून पाहतांच लबाडी उघडी पडते. पानांस असें साखळीनें बांधलेलें असतें म्हणून या वहीस ‘ब्लॉकचेन’ म्हणतात. सातोशी नाकामोतो हें टोपणनांव घेणाऱ्या कोणीं एकानें २००८ सालीं ही योजना लिहिली, आणि जानेवारी २००९ मध्यें ‘बिटकॉइन’च्या रूपानें ती चालू केली. फरक इतकाच कीं, तेथें बाराजणी नसून जगभर पसरलेले हजारों संगणक आहेत, आणि खातेदाराचें नांव कोठेंच नसतें. असते ती केवळ एक लांबलचक संख्या.

बिटकॉइनच्या वहींत मुख्यतः देणें-घेणें लिहिलें जातें. जुलै २०१५ मध्यें सुरू झालेल्या ‘इथेरियम’नें त्यापुढें जाऊन वहींत करारही लिहितां येतील अशी सोय केली, आणि डीफायचा जन्म खऱ्या अर्थानें तेथें झाला. या कराराचें वैशिष्ट्य असें कीं तो स्वतःच स्वतःचा अंमल करतो. ‘अमुक घडलें तर तमुक द्यावें’ असें एकदां लिहून ठेवलें कीं मग वकील नको, मुनीम नको, बेलीफही नको.

एक उदाहरण घेऊं. दोन रांजण आहेत. एकांत शंभर पायली गहूं, दुसऱ्यांत शंभर शेर गूळ. रांजणावर पाटी लिहिली आहे कीं, दोहोंतील आंकड्यांचा गुणाकार नेहमीं दहा हजार राहिला पाहिजे. तुम्ही पंचवीस शेर गूळ ओतलात, म्हणजे गूळ सव्वाशें झाला. दहा हजारांस सव्वाशेंनीं भागिलें तर ऐशीं येतात. म्हणून रांजण तुम्हांस वीस पायली गहूं देईल. पुढल्या माणसास त्याच गुळांत कमी गहूं मिळेल, कारण गहूं आतां दुर्मिळ झाला. दुकानदार नाहीं, घासाघीस नाहीं, तरी भाव आपोआप ठरतो. २०१८ सालीं निघालेला ‘युनिस्वॉप’ नांवाचा बाजार मूळ याच हिशेबावर उभा राहिला. (त्यांत खूपशी चलाख भर पुढें पडली आहे; ती नवशिक्यानें आज सोडून द्यावी.) रांजण भरणाऱ्यांस प्रत्येक व्यवहारामागें थोडी दलाली मिळते, आणि ज्यास मुलगा ‘व्याज’ म्हणतो त्याचा कांहीं भाग हाच असतो.

आतां त्याच्या ‘जामीन नाहीं’ या शब्दांकडे वळूं. कारण सगळी मेख तेथें आहे. जामीन नाहीं हें खरें, पण तारण आहे, आणि तें कर्जाहून मोठें आहे. ‘मेकर’ नांवाची कर्ज देणारी व्यवस्था २०१७ सालीं निघाली. तेथें शंभर डॉलरांचें कर्ज पाहिजे तर साधारणपणें दीडशें डॉलरांचें ‘ईथर’, म्हणजे इथेरियमचें चलन, आधीं करारांत बंद करून ठेवावें लागे. ईथरचा भाव घसरून तारण उणें पडूं लागलें कीं करार तें तत्काळ लिलांवांत काढतो. तो मुदत देत नाहीं, नोटीस धाडत नाहीं, आणि घरीं लग्न आहे कीं दुखणें आहे हें विचारीत नाहीं. १२ मार्च २०२० रोजीं, महामारीच्या भीतीनें सर्व बाजार कोसळले तेव्हां, या लिलांवांत बोली बोलणारे इतर कोणी वेळेवर पोंचूंच शकले नाहींत. आणि कांहीं हुशार मंडळींनीं शून्य बोलीवर सुमारें ८० लाख डॉलरांचें तारण उचलून नेलें. करारानें लिहिल्याप्रमाणें केलें. त्यांत त्याचा कांहीं अपराध नव्हता. दख्खनच्या जप्तींतही एकटाच बोलणारा सावकार असे, तो निदान कांहीं आणे तरी बोलत असे!

आतां पुणतांब्याचा एखादा शेतकरी पेरणीकरितां लाख रुपये मागण्यास या यंत्रापाशीं गेला तर काय होईल? यंत्र म्हणेल, आधीं दीड लाखांचें ईथर ठेव. ज्याच्यापाशीं दीड लाख मोकळे आहेत तो लाखाकरितां कोणाच्या दारीं कशाला जाईल? जे जातात ते बहुतेक आपलें चलन न विकतां त्याच्यावर आणखी सट्टा खेळूं पाहणारे असतात. शेतकऱ्याची जमीन यंत्राच्या उपयोगाची नाहीं, कारण सातबारा त्याच्या वहींत नाहीं. आणि शेतकऱ्याचें नांव त्याच्या उपयोगाचें नाहीं, कारण नांव त्यास कळतच नाहीं. त्यास तारण कळतें, पत कळत नाहीं. पुण्याच्या पेढीची हुंडी काशीस पटत असे ती पतीवर. गांवच्या सोसायटींतील पंचांस कोणाच्या विहिरीस उन्हाळ्यांत पाणी राहतें, कोणाचा मुलगा शेतांत राबतो, कोणीं मागचें कर्ज बायकोचे दागिने मोडून फेडलें, हें ठाऊक असतें. आणि ज्याच्याजवळ आज कांहीं नाहीं त्यास तें उद्यांच्या भरंवशावर देऊं शकतात. त्याच सोसायटींत भाऊबंदकी असते, वशिला असतो, विरोधी गटांतल्या माणसाचा अर्ज फडताळांत पडून राहतो, हेंही खरें. माणसें ओळखण्याच्या विद्येंतच ती खोड आहे.

दुसरी गोष्ट, ही वही कोणासच खोडतां येत नाहीं, असें सांगतात. तीस माफी नाहीं, कारण माफी देणारा कोणी नाहीं. तत्त्व म्हणून हें ठीक आहे. परंतु जून २०१६ मध्यें इथेरियमवरील ‘द डाओ’ नांवाच्या सामाईक निधीच्या करारांत एक चूक सांपडली आणि कोणीं तरी त्या वाटेनें सुमारें ३६ लाख ईथर काढून घेतलें. करार जसा लिहिला होता तसाच चालला होता. तथापि, वही ठेवणाऱ्या बहुसंख्य मंडळींनीं एकत्र येऊन पुढील महिन्यांत ठरविलें कीं ही नोंद आपण मानावयाची नाहीं. आणि पैसे परत फिरवून नवी वही पुढें चालूं केली. ज्यांस हें पटलें नाहीं ते जुनी वही ‘इथेरियम क्लासिक’ या नांवानें अद्याप चालवीत आहेत. म्हणजे वही कोरी करतां येते! त्याकरितां ज्यांच्या हातीं ती असते त्यांपैकीं पुष्कळांचें नुकसान मात्र व्हावें लागतें. पुणतांब्याच्या लोकांस त्याकरितां दूध रस्त्यावर ओतावें लागलें होतें.

घरच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची बाब किल्लीची आहे. या वहींतील खातें एका गुप्त संख्येनें उघडतें, आणि ती संख्या बहुधा बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांच्या रूपानें लिहून ठेवावयाची असते. ते शब्द ज्यास कळले त्याचे पैसे. ते हरवले तर कोणाचेच नाहींत. एकत्र कुटुंबांत बँकेच्या लॉकरची किल्ली वडिलांच्या पश्चात् सांपडली नाहीं तर वारसाचा दाखला काढतां येतो, कुलूप फोडतां येतें. येथें मृत्युपत्र, वारसदाखला, कोर्टाचा हुकूम यांतील एकही उपयोगी पडत नाहीं. ही यातायात नको म्हणून पुष्कळ लोक आपलें चलन एखाद्या कंपनीच्या स्वाधीन करतात. पण मग तें विकेंद्रित राहिलें कोठें? मुंबईंतील ‘वझीरएक्स’ या बाजारावर जुलै २०२४ मध्यें दरोडा पडला व सुमारें २३ कोटी डॉलरांचें चलन गेलें. लोकांस आपलीं खातीं दिसत होतीं, पैसे काढतां येत नव्हते. पुण्यांत २०१८ सालीं गाजलेलें ‘गेनबिटकॉइन’ प्रकरण तर त्याहूनही साधें होतें. दरमहा शेंकडा दहा देऊं, असें तेथें आश्वासन होतें. त्यांत नवें असें केवळ नांवच होतें. त्यास डीफाय म्हणणें हा डीफायवर अन्याय होईल. मात्र खऱ्या विकेंद्रित व्यवस्थेंतही सालीना शेंकडा जवळजवळ वीस व्याज देणारी ‘टेरा’ची योजना मे २०२२ मध्यें आठवड्याच्या आंत धुळीस मिळाली, हें मुलास विसरूं देऊं नये. येथें पांच लाखांचा विमा नाहीं.

कायद्याचेंही थोडें सांगितलें पाहिजे. रिझर्व्ह बँकेनें २०१८ सालीं बँकांस या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितलें होतें; तो हुकूम सर्वोच्च न्यायालयानें ४ मार्च २०२० रोजीं रद्द केला. हीं चलनें आपल्या देशांत कायदेशीर नाणें नव्हेत, पण तीं बाळगण्यास बंदीही नाहीं. एप्रिल २०२२ पासून यांतील नफ्यावर शेंकडा ३० कर आहे, आणि एकांतील तोटा दुसऱ्या नफ्यांतून वजा करूं देत नाहींत. नफ्यांत सरकार भागीदार, तोट्यांत खातेदार एकटा.

मग या वहीचा आपल्याकडे उपयोगच नाहीं काय? आहे, पण तो मुलाच्या मोबाइलांत नसून वखारींत आहे. महाराष्ट्र राज्य वखार महामंडळानें अलीकडच्या वर्षांत शेतमालाच्या पावत्या ब्लॉकचेनवर नोंदण्यास आरंभ केला, व त्या तारण धरून राज्य सहकारी बँक कर्ज देऊं लागली. सुगीच्या दिवसांत सर्वांचा सोयाबीन एकदम बाजारांत येतो व भाव पडतो. अशा वेळीं माल वखारींत ठेवून पावतीवर पैसे उचलावे आणि भाव चढल्यावर विकावा, ही युक्ति जुनीच आहे. अडचण होती ती पावतीची. एकच पावती दोन बँकांकडे गहाण पडे, खोटी पावती निघे, चौकशींत दिवस जात. सर्वांस एकाच वेळीं दिसणाऱ्या वहींत ती एकदां नोंदली कीं दुसऱ्यांदां गहाण टाकतां येत नाहीं. तारण प्रत्यक्ष पोत्यांत आहे, तें मोजणारा माणूस वखारींत उभा आहे, आणि न खोडतां येणाऱ्या वहीचा येथें शेतकऱ्यास जाच न होतां आधार होतो.

परंतु हें सर्व सुगीनंतरचें झालें. जून महिन्यांत, मृगाचा पाऊस तोंडावर आला असतां वखारींत पोतें नसतें आणि पावतीही नसते. तेव्हां पुणतांब्याच्या शेतकऱ्यास बियाण्याकरितां अजून गांवच्या सोसायटीच्या सचिवापुढेंच उभें राहावें लागतें, आणि तो सचिव वही उघडण्याआधीं मान वर करून दारांत कोण आलें आहे तें पाहतो.